घाटातील पाऊस आणि मोटारसायकलचे इंजिन

पश्चिम घाटाच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणि धुके यांचेच राज्य असते. एकट्या महाबळेश्वरात वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा भागात वाडीवस्तीवर जाणारी आरोग्यसेविका, शाळा गाठणारे शिक्षक, केंद्रावर दूध पोहोचविणारा शेतकरी या साऱ्यांची भिस्त मोटारसायकलवर असते. गाडी वाटेत बंद पडली, तर खोळंबा केवळ चालकाचा होत नाही. औषध आणि दूधही अडून राहते.

बुलेटपासून शंभर सीसीच्या गाड्यांपर्यंत आपल्याकडील बहुसंख्य मोटारसायकलींचे इंजिन वाऱ्याने थंड होते. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ कडा, म्हणजेच फिन्स, उष्णता हवेत सोडतात. उन्हाळ्यात वरदान ठरणारी ही रचना पावसात मात्र इंजिनला हवी तेवढी ऊब धरू देत नाही. पुढच्या चाकाने उडविलेले पाणी फिन्सवर आदळून वाफ होते. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे ५४० पट उष्णता तेवढ्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास लागते. ही सारी उष्णता इंजिनमधूनच जाते.

इंजिन थंड राहण्यात तोटा कोणता? एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतांशी वाफेच्या रूपाने सायलेन्सरवाटे बाहेर पडते. परंतु थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि थंड इंजिनमध्ये तिचे पुन्हा पाणी होते. हे पाणी ऑइलमध्ये मिसळले की ऑइल दुधाळ दिसू लागते, त्याचे वंगणाचे सामर्थ्य घटते आणि आतील भाग गंजतात, झिजतात. न जळलेले पेट्रोलही ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीला हा धोका अधिक असतो.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. गाडी सुरू केल्यावर ती जागेवर फार वेळ चालू ठेवू नये. अर्ध्या-एक मिनिटाने मंद गतीने निघावे आणि इंजिन तापेपर्यंत जोराची रेस देऊ नये. कार्बोरेटरच्या गाडीत चोक वेळीच बंद करावा. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवावी, म्हणजे ऑइल तापून त्यातील पाणी उडून जाते. पुढच्या मडगार्डला खालपर्यंत येणारा रबरी पडदा लावल्यास चिखलपाण्याचा मारा कमी होतो. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच वापरावे व ते दुधाळ दिसताच बदलावे.

फिन्सवर गोणपाट वा प्लॅस्टिक गुंडाळण्याची युक्ती मात्र टाळावी. घाट चढताना इंजिनवर पूर्ण भार असतो. त्यावेळी वारा अडला तर पिस्टन जाम होऊ शकतो, शिवाय तापलेल्या सायलेन्सरमुळे आगीचे भय राहते. त्याचप्रमाणे बंद खोलीत वा गोठ्यात गाडी चालू ठेवून इंजिन तापवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. त्याची चाहूल लागण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडतो.

इंजिनला ऊब मिळावी ती त्याच्या स्वतःच्या कामातून. एवढे पथ्य पाळल्यास पावसाळ्यातही गाडी साथ देईल आणि वाडीवस्तीवरील कामे वेळेवर पार पडतील.