पडद्यावरचे पट्टे

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं दूरचित्रवाणीचा नवा संच आला. जुन्या संचानें अकरा वर्षें सेवा केली होती, आणि घरांतील तरुण मंडळींचा आग्रह होता कीं आतां ५५ इंची, फोर-के, एलईडी असाच संच हवा. संच आला, भिंतीवर चढला, आणि पहिल्याच रात्रीं एक चित्रपट लावला. त्यांत सूर्यास्ताचें एक दृश्य होतें. आकाश केशरी रंगापासून जांभळ्यापर्यंत अलगद उतरत जावयास हवें होतें. मला तेथें नदीच्या घाटाला पायऱ्या असाव्यात तसे ओळीनें पट्टे दिसले. मी अस्वस्थ झालों. दुसरे दिवशीं दुकानीं गेलों, तक्रार केली, थोडी हुज्जतहि घातली, आणि परतीची दहा दिवसांची मुदत संपण्यापूर्वीं संच बदलून आणला. नव्या संचावर तोच चित्रपट लावून पाहिला, तों तेच पट्टे! असा प्रकार सगळ्याच संचांत असतो अशी मनाची समजूत घालून मी गप्प बसलों.

पुढें तीन आठवड्यांनीं क्रिकेटचा सामना चालू होता. कॅमेरा चेंडूमागें सीमेकडे धांवत होता. तेवढ्यांत माझी नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, मैदान सरकतंय, पण डाग सरकत नाहीत." मीं चष्मा पुसून पाहिलें. हिरवळीवर दोन उभे, किंचित् मळकट पट्टे होते, आणि कॅमेरा कोठेंहि वळो, ते आपली जागा सोडीत नव्हते. सूर्यास्ताच्या वेळीं मी ज्या पट्ट्यांवरून भांडलों त्यांचा पहिल्या संचाशीं कांहीं संबंध नव्हता. आणि ज्या पट्ट्यांवरून भांडावयास हवें होतें ते दुसऱ्या संचांत होते व मुदत तर केव्हांच सरली होती. तात्पर्य, ज्याचा अपराध नव्हता त्याला मीं घालवून दिलें, आणि अपराध्याला भिंतीवर मानानें बसविलें.

श्रोतेहो, त्या मुलीचें वाक्य हीच या विषयांतील पहिली कसोटी आहे. दुकानदार, दुरुस्ती करणारा आणि गिऱ्हाईक हे तिघेहि दोन अगदीं निराळ्या गोष्टींना 'बँडिंग' या एकाच नांवानें ओळखतात व घोटाळा येथूनच सुरू होतो. पट्टा पडद्याच्या एकाच जागीं खिळून राहतो, कीं चित्राबरोबर हलतो व दृश्य बदलतांच नाहींसा होतो? खिळून राहिला तर दोष कांचेचा, म्हणजे संचाचा. चित्राबरोबर गेला तर तो बहुधा चित्रांतूनच आलेला. संच बदलून तो जावयाचा नाहीं.

प्रथम कांचेकडे पाहूं. आपण ज्याला एलईडी संच म्हणतों त्यांत बहुधा चित्र एलईडीनें काढलेलें नसतें. तें काढतात द्रवस्फटिक. फ्रीड्रिख राइनित्सर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८८८ सालीं, गाजरापासून मिळालेल्या एका द्रव्यावर प्रयोग करतांना, धड द्रवहि नव्हे व धड घनहि नव्हे अशी पदार्थाची ही अवस्था प्रथम आढळली. या स्फटिकांना स्वतःचा प्रकाश नाहीं. खिडकीच्या झडपांप्रमाणें ते मागून येणारा प्रकाश सोडतात किंवा अडवितात. तो मागचा प्रकाश पूर्वीं बारीक नळ्यांच्या दिव्यांचा असे, आतां एलईडींचा असतो, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

हे दिवे कांहीं संचांत पडद्याच्या कडेला ओळीनें बसविलेले असतात व एका पारदर्शक पत्र्यांतून त्यांचा प्रकाश सर्वत्र नेला जातो. संच सडपातळ होतो तो त्यामुळें. कांहींत ते पडद्याच्या पाठीमागें लांब पट्ट्यांवर अंतराअंतरानें असतात, प्रत्येकावर इवलेंसें भिंग असतें आणि पुढें प्रकाश पसरविणारे पांढरे थर असतात. पत्रा किंचित् वांकला, थर कोठें दाबला गेला, दिव्यांची संख्या कमी करून किंमत उतरविली, कीं प्रकाश सर्वत्र सारखा पडत नाहीं. एखादें भिंग निखळलें तर त्या जागीं पांढरा ठिपका उमटतो. माणसांचे चेहरे, खोल्या, रस्ते असें गजबजलेलें चित्र चालू असतांना हें व्यंग लपून राहतें. पण एकरंगी विस्तीर्ण मैदान व त्यावरून फिरणारा कॅमेरा तें उघडें पाडतात. म्हणून संच पारखावयाचा तर तो क्रिकेटवर पारखावा, नाटकावर नव्हे. (वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक, रेखीव, रंगीत उभी रेघ दिसली, तर ती निराळी व्याधि, पडद्याच्या कडेला विद्युत्-संदेश आणणारे जे सांधे असतात त्यांपैकीं एखादा सुटल्याची ती खूण असते.)

चित्रांतील पट्ट्यांची कथा अधिक मनोरंजक आहे, आणि ती समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हांचे ते पेटीसारखे संच आपल्यापैकीं अनेकांना आठवत असतील. त्यांत प्रकाश कमीजास्त करणारा विद्युत्प्रवाह अखंड चढत-उतरत असे. उतार हा खरोखरच उतार होता. त्याला पायऱ्या नव्हत्या. चित्र धूसर असे, हलत असे, त्यावर मुंग्या येत. परंतु आकाशाला पट्टे पडत नसत.

आतां चित्र अंकांनीं येतें. प्रत्येक ठिपक्याचा प्रत्येक मूळ रंग किती उजळ, हें मोजून लिहिलेलें असतें, आणि मोजावयाचें म्हटलें कीं पायऱ्या आल्याच. साध्या पद्धतींत प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे होय-नाहीं अशीं आठ उत्तरें मिळतात व त्यांतून २५६ पायऱ्या होतात. दूरचित्रवाणीच्या प्रमाणपद्धतींत तर उजेडासाठीं त्यांतील १६ ते २३५ एवढ्याच वापरतात. तिन्ही रंगांचा गुणाकार केला तर २५६ पायऱ्यांचे १,६७,७७,२१६ रंग होतात, आणि जाहिरातींत हा आंकडा मोठ्या दिमाखानें छापलेला असतो. मग एवढे रंग असतांना पट्टे कां? कारण एका आकाशाला ते सारे रंग उपयोगाचे नसतात. समजा, आपल्या पडद्यावर आकाश डावीकडून उजवीकडे १०० व्या पायरीपासून १२० व्या पायरीपर्यंतच उजळत जातें. फोर-के पडद्याच्या एका ओळींत ३,८४० ठिपके असतात. त्यांना वाटून घ्यावयास पायऱ्या अवघ्या वीस. म्हणजे एकेका पायरीच्या वांट्याला १९२ ठिपके. ५५ इंची पडदा सुमारें १२२ सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हां हा एकेक पट्टा सहा सेंटिमीटरांचा झाला. पायऱ्या सूक्ष्म आहेत खऱ्या, पण फार रुंद आहेत. संच जितका मोठा, तितक्या त्या अधिकच रुंद.

येथें आपला डोळाहि आपला घात करतो. दोन सपाट छटा शेजारीं शेजारीं ठेवल्या, कीं सीमेपाशीं उजळ छटा अधिक उजळ व गडद छटा अधिक गडद भासते. अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिकानें १८६५ सालीं हें वर्णिलें, व आजहि त्या भासाला त्याचेंच नांव आहे. दृष्टिपटलांतील पेशी शेजारणीचा आवाज दाबून आपला चढवितात, म्हणून असें होतें. वस्तूच्या कडा ओळखण्यासाठीं हा गुण मोलाचा. मात्र सूर्यास्ताच्या आकाशांत तोच गुण जेथें नुसती छटा बदलली तेथें रेघ ओढून दाखवितो. पट्टे जितके असतात त्याहून ठळक दिसतात ते यामुळें.

आणि आतां त्या मुंग्यांकडे वळूं, ज्यांना आपण जन्मभर शिव्या दिल्या. १९६२ सालीं लॉरेन्स रॉबर्ट्स या अमेरिकन अभियंत्यानें दाखवून दिलें, कीं मोजण्यापूर्वीं चित्रांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळला व दाखवितांना तेवढाच वजा केला, तर फार थोड्या पायऱ्यांतहि चित्र अखंड उतरतें. कारण सीमा मोडते. १०० व्या पायरीचे ठिपके १०१ मध्यें विखुरतात, १०१ चे १०० मध्यें, आणि दुरून पाहणाऱ्याला मधली, कोठेंच नसलेली छटा दिसते. व्यक्तिचित्राची रांगोळी काढणारा कलावंत गालावरील छाया कशी उतरवितो तें आठवा. दोन रंगांच्या मधोमध तो रेघ ओढीत नाहीं. चिमटीतून एका रंगाचे कण दुसऱ्यावर भुरभुरतो. फिल्मवर घेतलेल्या जुन्या चित्रपटांत रजतकणांची जी रवाळ चमक असते ती हेंच काम करते, आणि म्हणून ते चित्रपट आजच्या स्वच्छ छायाचित्रणापेक्षां पट्ट्यांना कमी बळी पडतात. स्वच्छता हा प्रत्येक ठिकाणीं गुण नव्हे, हें कबूल करणें घरांतील गृहिणींना जड जाईल, पण येथें तें खरें आहे.

दुर्दैवानें चित्र आपल्या घरीं पोहोंचेपर्यंत हे कण धुऊन निघतात. १० बिटांचें फोर-के चित्र सेकंदास २४ चौकटी या वेगानें, रंगांची नेहमीची काटकसर करून, पण दाबल्यावांचून पाठवावयाचें तर सेकंदाला सुमारें ३०० कोटी बिट लागतील. प्रत्यक्षांत इंटरनेटवरून येतात दीड-दोन कोटी. शंभराहून अधिक पटींनीं चित्र आवळावयाचें म्हणजे कशाला तरी कात्री लावणें आलेंच. आवळणारी पद्धति चित्राचे लहानलहान चौकोन पाडते व ज्यांत फारसें घडत नाहीं त्यांवर खर्च करीत नाहीं. धुकें, आकाश, भिंतीवरील सांवली यांत तिच्या मतें कांहींच घडत नसतें. बारीक कण जातात, सौम्य उतार एकाच छटेंत गोठतात आणि घाटाच्या पायऱ्या आणखी रुंद होतात.

याचा सर्वांत गाजलेला अनुभव २८ एप्रिल २०१९ रोजीं अमेरिकेंत आला. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा 'द लाँग नाइट' हा ८२ मिनिटांचा भाग त्या रात्रीं दाखविला गेला. जवळजवळ सारा रात्रीचा, धुराचा व बर्फाच्या वादळाचा. कोणाला कांहीं दिसेना, आणि जें दिसे त्यांत काळ्या-करड्या छटांचे पट्टे व चौकोन. प्रेक्षक रागावले. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनीं आपल्या कामाचें समर्थन करतांना, प्रेक्षकांचे संच नीट लावलेले नसणें व प्रक्षेपणांत चित्र आवळलें जाणें, या दोन्हींकडे बोट दाखविलें. माझ्या मतें दुसरें कारण वजनदार होतें. ज्या चित्राचें सर्वस्व अंधारांतील सूक्ष्म छटांत आहे तें या वाटेनें पाठविणें म्हणजे अत्तर चाळणींतून पाठविणें होय.

उपाय अगदींच नाहींत असें नाहीं. प्रत्येक रंगाला १० बिट दिले तर २५६ ऐवजीं १,०२४ पायऱ्या होतात. आपला सहा सेंटिमीटरांचा पट्टा दीड सेंटिमीटरावर येतो व दोन पट्ट्यांमधील फरकहि चौथाई होतो. एचडीआर नांवाच्या अधिक उजळ चित्रासाठीं १० बिट वापरतात ते हौस म्हणून नव्हे. प्रकाशाचा पल्ला ताणल्यावर पायऱ्याहि ताणल्या जातात, म्हणून. मात्र विक्रेता "शंभर कोटींहून अधिक रंग" म्हणाला, तर पडदा अस्सल १० बिटांचा असेलच असें नाहीं. ८ बिटांचा पडदा दोन शेजारच्या छटा आळीपाळीनें झपाट्यानें दाखवून मधली छटा भासवितो. ही लबाडी नव्हे. रांगोळीचीच युक्ति काळांत केलेली, आणि बहुधा ती उत्तम साधते.

घरीं करण्याजोगें पहिलें काम म्हणजे दुकानांत झगमगाटासाठीं लावून ठेवलेली 'व्हिव्हिड' ही मांडणी बदलून 'सिनेमा' ही निवडणें. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करावा. तो छटांमधील अंतर ताणतो व पायऱ्या वर काढतो. 'शार्पनेस' उतरवावा. रंगांचा उतार मऊ करणारी एक सोय कांहीं संचांत असते, ती थोडी लावली तर फायदा होतो, फार लावली तर वस्त्रांचा पोत व चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसल्या जातात. (माझ्या वयाच्या माणसाला हा दुसरा परिणाम अगदींच अप्रिय वाटेल असें नाहीं.)

आणि संच नवा असेल तर मुदतीच्या आंत, खोलींतील दिवे मालवून, एकसारख्या करड्या रंगाचें चित्र पेन-ड्राइव्हवरून सबंध पडद्यावर लावून पाहावें. एकदां मध्यम करडें, एकदां जवळजवळ काळें. त्या चित्रांत उतारच नाहीं, तेव्हां पट्टा दिसला तर तो कांचेचाच. थोडी असमानता प्रत्येक पडद्यांत सांपडते, महाग पडद्यांतहि. प्रश्न इतकाच कीं ती रोजच्या चित्रांत डोळ्यांत येते कीं नाहीं. उलट, सूर्यास्ताचे पट्टे दिसले तर तेंच दृश्य शेजाऱ्याच्या संचावर किंवा मोबाइलवर लावून पाहावें. तेथेंहि दिसले तर दुकानाची पायरी चढूं नये.

पुरावा म्हणून मोबाइलनें पडद्याचें छायाचित्र मात्र विचार करून काढावें. पुष्कळ संचांतील दिवे मंद करण्यासाठीं ते सेकंदांत शेंकडों वेळां लावले-विझविले जातात. डोळ्याला तें कळत नाहीं, पण मोबाइलचा कॅमेरा चित्र एका वेळीं न घेतां ओळीओळीनें घेतो व त्या उघडझांपेचे आडवे पट्टे टिपतो. मीं असेंच एक छायाचित्र दुकानांत पाठविलें होतें. तेथील तरुणानें नम्रपणें उत्तर दिलें, "काका, हे पट्टे तुमच्या मोबाइलचे आहेत," आणि त्या एका बाबतींत तो बरोबर होता. माझे दोन उभे पट्टे त्या छायाचित्रांत उतरलेच नव्हते. संच अद्याप भिंतीवर आहे. सामन्याच्या दिवशीं नात त्या पट्ट्यांना डावा पंच आणि उजवा पंच म्हणते.