पाळी संपवून वर्गात

१९४७ साली औद्योगिक विवाद कायदा आला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने ‘बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट’ काढली. परळची ही श्रमविज्ञान संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला आणि त्याची पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. टाइम ऑफिसातल्या कारकुनाला लेबर ऑफिसर व्हायचं तर शिकणं आलं. नोकरी सोडणं मात्र परवडणारं नव्हतं. नोकरी सांभाळून करायच्या कामगार कायदा-कल्याण पदविकांची गरज इथून वाढत गेली.

या पदविकांच्या संध्याकाळच्या वर्गांचं खरं बळ बाकांवर होतं. एकीकडे चार्जशीट लिहिणारा अधिकारी, शेजारी चौकशीत कामगाराची बाजू मांडणारा युनियनचा कार्यकर्ता. औद्योगिक विवाद कायद्यातला ‘१८(१)चा करार’ आणि ‘१२(३)चा करार’ यांतला फरक पुस्तकात दोन ओळींचा. पण आपसात झालेला १८(१)चा करार फक्त सही करणाऱ्यांना बांधायचा, आणि समेट अधिकाऱ्यापुढे झालेला १२(३)चा करार त्या कारखान्यातल्या सगळ्यांना, उद्या भरती होणाऱ्यालासुद्धा. दोन युनियन असलेल्या कारखान्यात पगारवाढ कोणाच्या पदरात पडणार, ते या फरकावर ठरायचं. ज्याने मागणीपत्रावर रात्र-रात्र बोलणी केली आहेत, त्याला हे समजवावं लागत नाही. तसंच सलग सेवा धरण्यासाठी लागणाऱ्या २४० दिवसांचं. तेवढी हजेरी भरण्याआधी ब्रेक का दिला जातो, हे शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्यांनाच जास्त ठाऊक असायचं. वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले; १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मात्र बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच ठेवला होता. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे. औद्योगिक संबंध शिकणाऱ्यासाठी याहून मोठा धडा मुंबईत झाला नाही, आणि माझ्या मते तो पुरेसा शिकवलाही गेला नाही.

नव्वदीनंतर एचआर आलं. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन यांचे विषय वाढले, कामगार संबंध एखाद्या पेपरापुरते उरले. संघटना क्षीण झाल्या म्हणून हे झालं, असं सांगतात. मला ते पटत नाही. कामगार कंत्राटदाराच्या हजेरीपटावर गेला; तंटे संपले नाहीत, त्यांना टेबल उरलं नाही.

आता २९ कायदे चार संहितांत आले आहेत आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या लागूही झाल्या. कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट १०० कामगारांवरून ३०० वर गेली. अनेक युनियन असतील तिथे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करणार. हे ५१ टक्के कोणाच्या हजेरीपटावरून मोजायचे, कंत्राटी माणूस त्यात धरायचा का, मुदतीच्या नेमणुकीवरचा कामगार सभासद व्हायला धजेल का? संध्याकाळच्या वर्गांनी यंदाचं अख्खं सत्र यावर घालवावं. आणि बाकांवर व्यवस्थापनाइतकीच युनियनची माणसं बसतील, यासाठी त्यांची फी कंपन्यांनी भरावी.