आठवण म्हणजे पंचनामा नव्हे

कोलकात्यातल्या हुगळीकाठच्या फोर्ट विल्यमचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये विजयदुर्ग झालं आणि त्याच्या सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट. मराठी माणसाला बरं वाटावं अशीच ही बातमी. पण हाच किल्ला दाखवून कोणी ‘ब्लॅक होल ही कुप्रसिद्ध कोठडी इथलीच’ असं सांगितलं, तर मान डोलावू नये. ती कोठडी जुन्या फोर्ट विल्यममध्ये होती, आजच्या जीपीओच्या परिसरात. सध्याचा किल्ला १७५८ पासून, म्हणजे प्लासीच्या लढाईनंतर, उभा राहिला.

२० जून १७५६ ची रात्र. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने इंग्रजांचा किल्ला जिंकला होता. हाती लागलेले कैदी जेमतेम १८ फूट लांब आणि १५ फूट रुंद खोलीत कोंडले गेले. गजांच्या दोन लहान खिडक्या आणि जूनमधला बंगालचा उकाडा! त्यातून वाचलेल्या जॉन झेफनिया हॉलवेल यांनी सुरुवातीच्या पत्रात कोंडलेल्यांचा आकडा १६५ ते १७० सांगितला. काही आठवड्यांत तो स्वतःच १४६ वर आणला. १९५९ मध्ये इतिहासकार ब्रिजेन गुप्ता यांनी पुरावे तपासले, तेव्हा त्यांचा अंदाज निघाला ६४ च्या आसपास.

हॉलवेलनी राजकारणासाठी तिखटमीठ लावलं, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यात तथ्यही असावं. तरी सगळं खापर लबाडीवर फोडायची गरज नाही. आठवण मनात जशीच्या तशी साठून राहते, हा समजच मुळात कच्चा आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता. आठवड्यानंतर ‘चक्काचूर’वाल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. चित्रफितीत काचा नव्हत्याच.

मग आठवणींवर विसंबायचंच नाही? ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून मोकळं व्हावं? तेही जमत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या मुलं खट्टू झाली. पण ज्यांनी घडलेली गोष्ट आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच दिसला, रामबाण नव्हे. मात्र एक बारकावा हाती लागला: ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक फायदा झाला. नुसतं भडाभडा ओकण्यापेक्षा घटनांची संगती लागणं महत्त्वाचं होतं.

‘झालं गेलं’ म्हणून सोडून देण्याच्या उलट टोकाचा गैरसमज जास्त घातक आहे: आघात झाला की माणसाला लगेच बोलतं करा, सगळं बाहेर काढा. १९९७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात भाजलेल्या रुग्णांपैकी काहींना अशी एकच बैठक दिली गेली. १३ महिन्यांनी त्यांच्यातल्या २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावविकार होता. बैठक न दिलेल्यांत तो ९ टक्क्यांना होता. सांत्वनाला गेलेल्या आपल्या नातेवाइकांनीही ‘नेमकं कसं झालं हो?’ विचारण्याआधी हे ध्यानात ठेवावं. तेच तेच मनात घोळवत राहण्यानेही नैराश्य वाढतं, हे सुसान नोलन-होक्सेमा यांनी दाखवलं आहे.

‘बालपण बिघडलं की माणूस बिघडला’ हे तर आपण सहज बोलून जातो. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर यांनी अनेक दशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश सक्षम, जबाबदार प्रौढ झाली. त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यात आजी, मामा, शिक्षक असं कोणीतरी एक भक्कम माणूस होतं.

कोलकात्यात मनाचा भूतकाळ उलगडण्याची खटपट जुनी आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये तिथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यात ते मतभेदही मांडत. आज जुनी आठवण झोप उडवत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे.