गल्ल्यावर कोण होतं?

दर जुलैत नेडॉक आठवडा, म्हणजे मूलनिवासींच्या संस्कृतीचा आठवडा, आला की सिडनीतल्या आमच्या ऑफिसात चहापाणी असतं. काही वर्षं ते ॲबोरिजिनल मालकीच्या एका छोट्या केटररकडून यायचं. वॉटलसीडचे स्कोन, लेमन मर्टलचा चीजकेक, कांगारूच्या मांसाच्या लहान पाई. ट्रे मांडून झाले की केटरर बाई पाचेक मिनिटं बोलायच्या: हे पान कुठलं, कुणी खुडलं, त्यांची आजी त्याचं काय करायची. ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतानंतरचा पहिला जुलै आला आणि त्या बाईंच्या जागी रोजच्या सँडविचवाल्याचे ट्रे आले. एका ट्रेत सुपरमार्केटच्या पुड्यातली लेमन मर्टलची बिस्किटं होती. ‘थीम सांभाळलीय,’ एचआरची मुलगी म्हणाली. मी कारण विचारलं तर बजेट. शुक्रवारची बिअर मात्र त्याच बजेटमधून सुखरूप येत राहिली.

बिस्किटं वाईट नव्हती. राग त्याचाच आला.

या रानातल्या चवींचा आधीचा इतिहास मी भरभर उरकते, कारण तो नेहमी एकाच सुरात सांगितला जातो. १७८८ साली गोरे आले. मिशनांवर आणि मेंढवाड्यांवर मैदा, साखर, चहा यांचं रेशन सुरू झालं आणि हजारो वर्षांचं ताट मोडलं. क्वीन्सलंडच्या रानातला मॅकाडेमिया हवाईत गेला आणि पैसा तिथे झाला. आज त्याचं सर्वाधिक पीक दक्षिण आफ्रिका काढते. १९८८मध्ये लेस हिडिन्स हा फौजी अधिकारी टोपी घालून एबीसी टीव्हीवर आला. रानात काय खावं हे तो देशाला शिकवू लागला, आणि ज्यांच्याकडून तो शिकला ते कॅमेऱ्याच्या कडेला राहिले. मग काही हॉटेलांनी ‘बुश टकर’चे, म्हणजे रानातल्या अन्नाचे, पदार्थ ठेवले. पर्यटकांनी ते मगरीच्या मांसासकट फोटोपुरते खाल्ले. मला या काळात रस नाही.

मला रस आहे तो साधारण २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत. ती मी पाहिली आणि बऱ्यापैकी खाल्लीही.

२०१४मध्ये ला पेरूझला, बेअर आयलंडवर ‘ब्लॅक मार्केट्स’ हा ॲबोरिजिनल लोकांचा बाजार सुरू झाला. बॉटनी बेच्या तोंडाशी एकोणिसाव्या शतकातला तोफांचा किल्ला आहे, तिथे. आपल्याकडचे पाहुणे आले की आम्ही त्यांना हा किल्ला दाखवतो, तोही ‘मिशन इम्पॉसिबल’चं शूटिंग इथे झालं म्हणून. समोरच्या ला पेरूझमध्ये सिडनीची ॲबोरिजिनल वस्ती आजवर टिकून आहे, हे कुणी सांगत नाही. बाजारात शिंपल्यांची कलाकुसर घेऊन आंट्या बसायच्या. ज्येष्ठ स्त्रीला तिथे आंटीच म्हणतात, नुसत्या नावाने हाक मारणं शोभत नाही. एका टेबलावर एका पोरानं करंगळीएवढं फिंगर लाइम मधोमध कापलं, दोन बोटांनी दाबलं आणि आतले दाणे माझ्या तळहातावर काढले. शिजलेल्या साबुदाण्याएवढे गुलाबी मोती. दाताखाली एकेक फुटत गेला आणि आंबट रस उडाला. किंमत ऐकून मी दचकले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला की झाडाला काटे असतात आणि तोडणारी माणसं त्याच्या घरची आहेत. गल्ला त्याच्या आईकडे होता.

हा गल्ला लक्षात ठेवा.

कारण २०१६च्या सुरुवातीला कोपनहेगनचं नोमा हे रेस्टॉरंट दहा आठवड्यांसाठी सिडनीत आलं. माणशी ४८५ डॉलर, दारू वेगळी, आणि तरी टेबलं बघता बघता संपली. कच्चे मॅकाडेमिया, रानातली फळं, समुद्रकाठची पानं यांवर अख्खं शहर तोंड भरून बोलत होतं. नोमाची मंडळी देशभर हिंडून शिकली होती हे खरं, त्यांच्यावर माझा दात नाही. माझा दात आहे तो आमच्या इथल्या खाद्यसमीक्षकांवर. ‘ऑस्ट्रेलियाला तिची चव सापडली’ हा सूर त्यांनी लावला, जणू तोवर ती कुणाच्या तोंडी नव्हतीच. हे सगळं घडलं सिडनीच्या खाडीकाठी, बारंगरूला. बारंगरू ही कॅमेरेगल जमातीची, याच खाडीवर मासेमारी करणारी बाई. गोऱ्यांनी जाळं टाकून एका खेपेत हजारो मासे ओढले, ते तिच्या काळात. तिच्या नावाच्या धक्क्यावर आता ४८५ डॉलरचं ताट.

त्याच वर्षांत मूलनिवासी माणसं स्वतः उभी राहत होती, पण त्यांच्याबद्दल बोलायला समीक्षकांना सवड कमी. गुंबेंगीर शेफ क्लेटन डोनोव्हनचा टीव्ही कार्यक्रम २०१४मध्ये आला. मजी गावातल्या इंडिजिअर्थच्या शेरन विन्सर मसाले, चहा, जॅम बांधून देशभर पाठवत होत्या. ॲलिस स्प्रिंग्सच्या रेलीन ब्राउन यांचं कुंगकाज कॅन कुक तर त्याही आधीपासूनचं. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात बिया आणि बुश टोमॅटो वेचणाऱ्या बायकांकडून त्या माल घेत. रेडफर्नला आंटी बेरिल व्हॅन-ऑपलू पोरापोरींना हॉटेलकामाचं शिक्षण देत होत्या. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या नॉर्नी बेरो यांनी मेलबर्नच्या बाजारातल्या स्टॉलपासून सुरुवात केली आणि २०२१मध्ये फेडरेशन स्क्वेअरवर ‘बिग एस्सो’ उघडलं. शहराच्या ऐन चौकात, स्वतःच्या नावावर. त्याच वर्षी फिट्झरॉयचं ‘चारकोल लेन’ बंद झालं. ते एका धर्मादाय संस्थेचं. बारा वर्षं पोरं शिकवली, हे काम मोठंच, पण मालकी संस्थेची. बंद करायचं तेव्हा ते त्यांनीच ठरवलं.

सरकारी खरेदीचं धोरणही याच दशकातलं. जुलै २०१५पासून संघराज्य सरकारने आपल्या कंत्राटांतली, टप्प्याटप्प्याने वाढवत, तीन टक्के मूलनिवासी धंद्यांना द्यायचं ठरवलं. टक्के संख्येचे, किमतीचे नव्हेत. दहा डॉलरचं कंत्राट एक आणि दहा लाखांचंही एकच. किमतीचं लक्ष्य यायला २०१९ उजाडलं. शिवाय निम्मी मालकी दाखवली की पात्र, त्यामुळे कागदावर एक ॲबोरिजिनल भागीदार आणि नफा दुसरीकडे, असे उद्योग निघाले. पुढे जुलै २०२६पासून ५१ टक्के मालकीची किंवा नियंत्रणाची अट घालायचं ठरलं. खाजगी कंपन्यांचं आणखी सोपं: मूलनिवासींशी ‘रिकन्सिलिएशन’चा, म्हणजे समेटाचा, आराखडा छापायचा आणि त्यातली सर्वांत स्वस्त ओळ पाळायची. ती ओळ बहुधा चहापाण्याची असते.

धंदा वाढला, वाटा वाढला नाही. रानमेव्याच्या या बाजारात ॲबोरिजिनल लोकांच्या हाती पुरवठ्याचे जेमतेम एक-दोन टक्के आहेत, हा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातोय. २०१९मध्ये त्यांनी स्वतःची राष्ट्रीय आघाडी उभारली ती याच आकड्यापायी.

आपल्या लोकांशीही माझं थोडं भांडण आहे. काकडू प्लम, किंबर्लीत त्याला गुबिंज म्हणतात, हे आपल्या हिरड्या-बेहड्याच्या कुळातलं झाड. ‘क’ जीवनसत्त्व जगातल्या फारच थोड्या फळांत इतकं असतं. एका अमेरिकी प्रसाधन कंपनीने त्याच्या अर्कावर ऑस्ट्रेलियात पेटंट मागितलं. गदारोळ झाला आणि २०११मध्ये अर्ज मागे घेतला गेला. हळदीच्या पेटंटवर डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७मध्ये विजय मिळवला, ती कथा इथला प्रत्येक मराठी बाप पोरांना सांगतो. गुबिंजची कथा मी आमच्या मराठी मंडळाच्या एका संध्याकाळी सांगितली, तर ‘त्यांचं वेगळं आहे हो’ असं उत्तर मिळालं. काय वेगळं, ते कुणी सांगितलं नाही. क्वांडाँग हे लाल फळ चंदनाच्या कुळातलं, चंदनासारखंच दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारं. ते कळल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे उजळले. झाडांशी नातं लगेच जुळतं.

मग आली १४ ऑक्टोबर २०२३. संसदेला सल्ला देणारी मूलनिवासींची एक समिती, एवढीच सार्वमतातली मागणी. साठ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं, एकूणएक राज्यांनी म्हटलं. आमच्या ओळखीतल्या अनेकांनीही म्हटलं, आणि त्यातले काही जण आदल्या वर्षी ला पेरूझच्या बाजारात फिंगर लाइमचे फोटो काढत होते. मत हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यानंतर कंपन्यांचे आवाज एका रात्रीत खाली आले. त्यांनी ‘हो’चे बॅज काढले, चालेल. स्टॉलवाल्यांच्या ऑर्डरी का काढल्या? सार्वमत राज्यघटनेचं होतं, स्कोनचं नव्हतं.

लेमन मर्टल आता चहात आहे, साबणात आहे, जिनमध्ये आहे. फार थोड्या पुड्यांवर कुणा माणसाचं, गावाचं, जमातीचं नाव दिसतं. मला चव आणि माणूस दोन्ही हवेत, आणि नावाला मी पैसे मोजायला तयार आहे.

यंदा मंडळाच्या स्नेहसंमेलनाला मी त्याच केटरर बाईंचं नाव सुचवलं. समितीने कोटेशन मागवलं, पाहिलं, आणि ‘महाग पडतं’ म्हणून बाजूला ठेवलं. त्याच बैठकीत विमानाने आलेल्या हापूसच्या पेट्यांची यादी फिरत होती. दर कुणीच विचारला नाही. मी दोन पेट्या लिहिल्या आणि कोटेशनचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घालायला लावला.