फड व्यवस्थापन
नाशिक व धुळे जिल्ह्यांतील बंधाऱ्यांच्या पाण्याचे लाभधारक शेतकऱ्यांनी सामुदायिक रीत्या नियोजन करण्याची परंपरागत पद्धती. ती पांझरा, मोसम इ. नद्यांच्या खोऱ्यांत विकसित झाली. नामपूर हे मोसमकाठचेच गाव होय. लाभक्षेत्राचे ‘फड’ पाडून प्रत्येक फडात बहुधा एकच पीक घेत. पंच उपलब्ध पाणी पाहून पिके ठरवीत. पाटकरी पाणी देई, तर जागल्या राखण करी. टंचाईत काही फड कोरडे ठेवीत; मात्र प्रत्येकाची जमीन अनेक फडांत विभागलेली असल्याने तुटीचा भार सर्वांवर पडे. कारखान्यातील व्यवस्थापकाचा अधिकार पदातून येतो, पंचांचा संमतीतून. म्हणून एका व्यवसायातील नेतृत्वपद्धती दुसऱ्यात जशीच्या तशी लागू पडत नाही.