बाटली कोणाच्या पिशवीत?

माझ्या वकिलीच्या बैठकीत गेल्या काही वर्षांत जे उत्साही तरुण भ्रमणध्वनीवर मागणी घेऊन घरपोच दारू पुरवण्याची योजना घेऊन आले, त्यांपैकी निदान चौघांनी तरी एकच वाक्य अशा निःशंक मुद्रेने उच्चारले की, ते सारे एकाच गुरूचे शिष्य असावेत असा मला संशय आहे. "साहेब, विकणारा दुकानदार, पिणारा ग्राहक, आम्ही केवळ मधला दुवा. आम्हाला परवाना कशाला?"

ज्या कायद्यापुढे हा युक्तिवाद टिकायचा, तो १९४९ सालचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम नावाप्रमाणेच मुळात बंदीचा आहे. इतर मालाच्या बाबतीत जे निषिद्ध नाही ते मोकळे. दारूच्या बाबतीत जे परवान्याने मोकळे केले नाही ते सारे निषिद्ध. त्याचे १२वे कलम विक्रीपाशी थांबत नाही. दारू गाळणे, आणणे, नेणे, जवळ बाळगणे, इतकेच नव्हे तर विकत घेणे, या प्रत्येक क्रियेला ते वेगळी मनाई करते. तेव्हा माल दुकानदाराचा आणि पैसा ग्राहकाचा हे कबूल केले तरी, ज्या पोऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत बाटली आहे तो ती बाळगतो आणि नेतो, आणि रस्त्यात अडवून विचारणा प्रथम त्यालाच होणार. यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, मध्यस्थाला संरक्षण देणारे ७९वे कलम ढालीसारखे पुढे केले जाते. अहो, ते कलम दुसऱ्याने चढवलेल्या मजकुरापुरते. बाटली हा मजकूर नव्हे!

"पण २०२० साली घरपोच मिळत होती ना?" होती. मात्र टाळेबंदीतली ती मुभा परवानाधारक दुकानदाराला, त्याच्याच माणसांकरवी आणि मद्यसेवनाचा परवाना असलेल्या ग्राहकापुरती होती. रांचीत स्विगी-झोमॅटोने सेवा सुरू केली ती झारखंड सरकारच्या संमतीने. आणि घटनेच्या सातव्या अनुसूचीने मद्य हा विषय राज्यांच्या हवाली केला असल्यामुळे रांचीचा हुकूम नागपुरात चालत नाही. व्यवसायस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क सांगणाऱ्यांनी खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निर्णय वाचावा. मद्यव्यापाराला तो हक्क नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

किरकोळ भ्रम आणखी आहेत. जीएसटीची नोंदणी पुरते म्हणावे, तर पिण्याचे मद्य त्या कराच्या बाहेरच आहे. ग्राहक अठरा वर्षांचा असून भागत नाही. बिअर-वाइनला २१ आणि इतर मद्याला २५ वर्षे लागतात. गोव्याची स्वस्त बाटली परवानगीवाचून सीमेअलीकडे आणणे हा गुन्हा आहे. जाहिरातीला दारूबंदी अधिनियमाचेच २४वे कलम आडवे येते, आणि वर्धा व गडचिरोली हे संपूर्ण दारूबंदीचे जिल्हे तर नकाशातून वगळूनच चालावे.

चौथा तरुण सारे ऐकून म्हणाला, "मग दुकानाचाच परवाना काढतो." नवे वाइन शॉप सत्तरच्या दशकापासून जवळजवळ मिळतच नसल्यामुळे, जुन्या परवान्याचा बाजारातला भाव तेवढा विचारून ये, असे मी त्याला सांगितले. तो अद्याप परतलेला नाही.