घामाचा हिशेब

अमेरिकेत मार्च महिना कॉलेज बास्केटबॉलचा. 68 संघ बाद पद्धतीच्या स्पर्धेत उतरतात. एकदा हरलं की हंगाम संपला. टीव्हीचा कॅमेरा खेळाडूंवर आणि मुख्य प्रशिक्षकावर खिळलेला असतो. बाकाच्या टोकाला उभ्या असलेल्या एका माणसाकडे मात्र तो क्वचितच वळतो. हा संघाचा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद, दमसास आणि सांधे यांची जबाबदारी असलेला प्रशिक्षक. चेंडू कसा टाकायचा, बचाव कसा रचायचा, हे त्याच्या कामात येत नाही. तरीही संघातल्या मुलांना वर्षभर सर्वांत जवळून पाहणारा बहुधा तोच असतो.

याला नियमांचंही कारण आहे. कॉलेज खेळांचं नियमन करणारी एनसीएए ही संस्था खेळाडूंना आधी विद्यार्थी मानते आणि सरावाच्या तासांवर मर्यादा घालते. हंगामात आठवड्याला 20 तास, दिवसाला जास्तीत जास्त चार तास आणि आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी. उन्हाळ्यात आठ आठवडे सराव चालतो, पण तोही आठवड्याला आठच तास, आणि त्यातले निम्म्याहून अधिक तास मैदानावरच्या कौशल्याला देता येत नाहीत. उरलेला वेळ वेट रूमचा, म्हणजे वजनांच्या व्यायामशाळेचा. नवा मुलगा कॉलेजात येतो तेव्हा तो काय खातो, किती झोपतो, कुठला गुडघा लपवतो, घरची आठवण आली की त्याचा व्यायाम कसा ढेपाळतो, हे सगळं आधी तिथे कळतं.

या पेशाला अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. 1969 साली नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली नावाचा पोलव्हॉल्टचा खेळाडू पाठीच्या दुखापतीमुळे वजनं उचलत बसायचा. दुखापतीतून सावरणारे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू त्याचं पाहून व्यायाम करू लागले आणि आधीपेक्षा दणकट होऊन मैदानावर परतले. फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी त्याला कामावर घेतलं, पण एक अट घातली: एकही खेळाडू मंदावला, तर नोकरी गेली. वजन उचललं की स्नायू आखडतात आणि चपळाई जाते, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. नेब्रास्काने 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एप्ली यांनी 1978 मध्ये आपल्यासारख्या प्रशिक्षकांची संघटना उभी केली. तीच आजची एनएससीए.

बास्केटबॉलमध्ये ही समजूत आणखी चिवट होती. दंडाचे स्नायू वाढले की नेम बिघडतो, असं जुने प्रशिक्षक छातीठोकपणे सांगत. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मायकेल जॉर्डनने 1989 मध्ये टिम ग्रोव्हर या तरुण ट्रेनरची मदत घेतली. ग्रोव्हर यांचे आईवडील भारतातून स्थलांतरित झालेले. प्रतिस्पर्धी डेट्रॉइट संघाच्या धसमुसळ्या बचावाला पुरून उरेल असं शरीर जॉर्डनला हवं होतं. पुढच्या विजेतेपदांनंतर वजनांमुळे नेम बिघडतो म्हणणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

कॉलेजच्या जगात मला सर्वांत महत्त्वाचं नाव वाटतं ते अँड्रिया ह्युडी यांचं. त्या स्वतः मेरीलँड विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलपटू. कनेटिकट विद्यापीठात अनेक वर्षं काम करून 2004 मध्ये त्या कॅन्सस विद्यापीठात गेल्या आणि तिथल्या पुरुष बास्केटबॉल संघाची शारीरिक तयारी त्यांच्या हाती आली. या पातळीवर पुरुषांच्या संघाची वेट रूम एखाद्या स्त्रीने चालवणं तेव्हा अत्यंत दुर्मीळ होतं. 2008 मध्ये कॅन्ससने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. पुढे त्या कनेटिकटला, महिला संघाकडे, परतल्या. त्या संघाच्या पेज ब्युकर्स आणि अ‍ॅझी फड या दोन्ही प्रमुख खेळाडूंच्या गुडघ्यांचे लिगामेंट वेगवेगळ्या वेळी फाटले होते. 2025 मध्ये दोघी मैदानावर होत्या आणि संघाने अंतिम सामना 82-59 असा जिंकला. असं पुनरागमन शल्यविशारद, फिजिओ आणि खेळाडूची जिद्द यांच्याशिवाय होत नाही. पण त्यात वेट रूममधले कित्येक महिने असतात आणि ते कुठल्याही गुणफलकावर दिसत नाहीत.

या महिन्यांत नेमकं काय चालतं? बास्केटबॉलपटूचं शरीर मुळातच वेगळं असतं. सात फुटी मुलाला जमिनीवरचा बार उचलायला सांगितलं, तर त्याची पाठ कमानीसारखी वाकते. म्हणून बार ठोकळ्यांवर उंच ठेवतात, किंवा मध्ये उभं राहून उचलायचा षटकोनी बार देतात. स्क्वॅटमध्ये कोण किती खोल बसणार, हे मांडीच्या हाडाची लांबी पाहून ठरतं. उंच उडी मारायला शिकवणं तुलनेने सोपं. खरी मेहनत असते ती खाली उतरायला शिकवण्यात. उडीनंतर पाय टेकतात तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूला कलला, तर कुणाचा धक्काही न लागता लिगामेंट फाटू शकतं. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे पहिले काही आठवडे चांगला कोच वजनाला हातही लावू देत नाही. ठोकळ्यावरून उतरायचं, थांबायचं, पुन्हा उतरायचं, एवढंच चालतं. मुलं कंटाळतात, पण त्याला इलाज नाही.

त्यातच ही मुलं शाळेपासून बाराही महिने स्पर्धा खेळून आलेली असतात. अठराव्या वर्षीच अनेकांच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा (टेंडन) दुखरी झालेली असते. हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, सामने तीसहून अधिक, बहुतेक आठवड्यांत दोन. मधल्या दिवसांत विमानप्रवास आणि परीक्षा. मेहनत सोडली तर उन्हाळ्यात कमावलेली ताकद हंगामाच्या मध्यावर ओसरू लागते. जास्त केली तर सामन्यात पाय जड होतात. म्हणून हंगामात वीस-तीस मिनिटांचे छोटे व्यायाम दिले जातात. अनेक कॉलेजांत खेळाडू सकाळी फोर्स प्लेट या जोर मोजणाऱ्या पाटावर उडी मारतो. नेहमीपेक्षा उडी खुजी आली किंवा जोर लावायला वेळ लागला, की त्या दिवशीचं वजन उतरवायचं.

आपल्या तालमीतला वस्ताद पठ्ठ्याच्या जोर-बैठकांइतकंच त्याच्या खुराकावर आणि झोपेवर लक्ष ठेवतो. हे कामही त्याच जातीचं. झोपेबद्दल तर अभ्यासाचाही आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 11 बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रात्री किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं गेलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले आणि धावण्याचा वेगही वाढला.

या पेशात शिरायची वाट लांब आहे. व्यायामशास्त्राची पदवी, मग एनएससीएची सीएससीएस परीक्षा. सीएससीसीए या दुसऱ्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी 640 तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. सुरुवातीची इंटर्नशिप अनेकदा बिनपगारी असते. पहाटे पाचला वेट रूम उघडायची, फरशी पुसायची, वजनं जागच्या जागी लावायची. छोट्या कॉलेजात एकाच माणसाकडे बास्केटबॉलबरोबर टेनिस आणि गोल्फचे संघही येतात. एवढं करून मोठ्या संघात जागा मिळाली, तरी ती मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीला बांधलेली असते. तो बदलला की स्ट्रेंथ कोचचं सामानही बहुधा बांधलं जातं.

मला या पेशातला खरा धोका इथेच दिसतो. 2011 च्या जानेवारीत आयोवा विद्यापीठाचे 13 फुटबॉलपटू सुट्टीनंतरच्या कठोर व्यायामाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली होती. 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा 19 वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी वारला. या घटना फुटबॉलच्या, पण नोकरीची रचना बास्केटबॉलमध्येही तीच. 'याला कणखर बनवा' असा हुकूम वरून येतो, आणि 'आज हा मुलगा थकलाय, थांबवतो' असं म्हणायचं असतं ते नेमक्या त्याच वरिष्ठापुढे. एनसीएएने 2015 पासून पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत प्रमाणपत्र सक्तीचं केलं, हे योग्यच झालं. पण प्रमाणपत्राने ज्ञान येतं, थांबवण्याचा अधिकार येत नाही. या प्रशिक्षकाची नेमणूक आणि बडतर्फी विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाकडे असायला हवी, मुख्य प्रशिक्षकाकडे नको.

आता महाराष्ट्रातल्या क्रीडा अकादम्यांतही स्ट्रेंथ कोच दिसू लागले आहेत. मुलाला किंवा मुलीला तिथे पाठवणाऱ्या पालकांनी जिममधली यंत्रं पाहण्याआधी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: या प्रशिक्षकाचं शिक्षण काय, आणि त्याने एखाद्या मुलाचा सराव थांबवला तर त्याचा निर्णय बदलण्याचा हक्क कुणाला आहे?